कंसापुढचा कंस

कंस हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दचकतात. एक कीर्तनाला बसलेली आणि दुसरी गणिताच्या तासाला बसलेली. कीर्तनातला कंस हा देवकीचा भाऊ, म्हणजे नात्याने मामा. वहीतला कंस म्हणजे दोन वाकड्या रेघा. पण दोघांचा स्वभाव एकच. हाती सापडेल त्याला आत कोंडून ठेवायचे! मी स्वतः मामा आहे आणि जन्मभर अमरावतीच्या मुलांना कंस सोडवायला शिकवून आता निवृत्त झालो आहे. तेव्हा या दोन्ही नात्यांनी कंसाविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो, असे मी धरून चालतो.

एरवी दर आठवड्याला दीड कॉलमात अंग चोरून बसणारे हे सदर दिवाळी अंकात जरा पाय पसरते. म्हणून आज विषयही जरा निराळा घेतला आहे. संगणकाकडून आकडेमोड करवून घेताना एका कंसापुढे लगेच दुसरा कंस लिहावा की लिहू नये, हा तो विषय. चिवड्याची बशी हातात असलेल्या वाचकाला वाटेल, यात एवढे लिहिण्यासारखे काय आहे? परंतु अशाच एका कंसापायी एका खताच्या पोत्याने कापूस दोन क्विंटल वाढतो की आठ, असा प्रश्न आमच्या नात्यातल्या एका घरात उभा राहिला होता. ते पुढे येईलच. आधी फराळाचीच गोष्ट करू.

आजीने स्वयंपाकघरातून लाडवांचा डबा आणावा आणि ती उंबरठ्यावर आहे तोच नातवाने डब्यात हात घालून तिसरा लाडू उचलावा, असे दृश्य कोणत्या घरात दिसत नाही? काही आज्या अशा वेळी हसतात. काही आज्या मात्र नातवाच्या हातावर चापट मारून म्हणतात, "डबा आधी खाली ठेवू दे, मग घे." लाडू तोच, डबाही तोच. फरक एवढाच, की डबा खाली ठेवण्याची एक पायरी मध्ये आहे की नाही. संगणकाच्या भाषांमध्येही या दोन जातींच्या आज्या आहेत.

हे समजायला दोनच शब्द लागतात. पहिला शब्द फंक्शन. फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी. वरून ज्वारी टाकावी, खालून पीठ यावे. गिरणीच्या नावापुढे गोल कंस करून त्यात धान्य लिहायचे, की माल तयार. दुसरा शब्द ॲरे. ॲरे म्हणजे ओळीने मांडलेले आकडे. एका ओळीत असोत की ओळीखाली ओळ असोत. त्यातला अमुक क्रमांकाचा आकडा हवा असेल तर ॲरेच्या नावापुढे तो क्रमांक लिहायचा. आता गिरणीतून एक आकडा न येता आख्खी ओळच आली, आणि आपल्याला तिच्यातला तिसराच आकडा हवा असला, तर काय करावे? ओळ कुठेतरी ठेवावी, तिला नाव द्यावे आणि मग तिसरा आकडा मागावा. की गिरणीच्या तोंडाशीच हात धरून "तिसरा दे" म्हणावे? हा झाला आजचा वाद.

उदाहरण ओळखीचे घेऊ. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार बाय चार घरांचे एक यंत्र कोरलेले आहे. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ मिळवा, बेरीज ३४ येते. म्हणून त्याला चौतीसा यंत्र म्हणतात. अशा यंत्रांच्या गणिताला आपल्याकडे भद्रगणित हे नाव आहे आणि नारायण पंडिताने १३५६ साली लिहिलेल्या 'गणितकौमुदी'त त्याचा एक स्वतंत्र भागच आहे. आज अभियंते आणि शास्त्रज्ञ वापरतात त्या मॅटलॅब नावाच्या संगणक-भाषेत अशी यंत्रे करून देणारी गिरणी तयारच मिळते. तिचे नाव 'मॅजिक'. मॅजिक(४) असे लिहिले की सोळा घरांचे यंत्र पडद्यावर हजर. मांडणी खजुराहोपेक्षा निराळी, बेरीज मात्र तीच ३४.

त्या यंत्रातल्या दुसऱ्या ओळीत तिसऱ्या घरात १० आहे. मला तेवढाच आकडा हवा आहे. मी लिहितो: मॅजिक(४)(२,३). अर्थ सरळ आहे. चाराचे यंत्र कर आणि त्यातले दुसऱ्या ओळीचे तिसरे घर दे. यावर मॅटलॅब लाल अक्षरांत चापट मारते. गोल कंसाने क्रमांक मागायचा असेल तर तो कंस शेवटचाच असला पाहिजे, त्याच्या पुढे आणखी काही चालणार नाही, अशा अर्थाची ती अक्षरे असतात. आधी यंत्र = मॅजिक(४) असे लिहून डबा खाली ठेवावा लागतो आणि मग यंत्र(२,३) म्हणून लाडू उचलावा लागतो. हौशी लोकांनी 'सब्सरेफ' नावाच्या एका आडदाराने आत शिरण्याची युक्ती काढली आहे. पण ती लिहायला इतकी लांबलचक आहे, की एवढ्या वेळात डबा दहादा खाली ठेवून होईल.

मॅटलॅबचीच एक धाकटी बहीण आहे ऑक्टेव्ह. नाव ऐकून संगीतातल्या सप्तकाची आठवण होते, पण सप्तकाशी तिचा काही संबंध नाही. जॉन ईटन यांनी १९९२ साली ही भाषा लिहायला घेतली आणि रसायन-अभियांत्रिकीचे आपले जुने प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे नाव तिला दिले. पाकिटाच्या पाठीवर झटपट हिशेब मांडून उत्तराचा अंदाज सांगण्यात या प्राध्यापकांचा हातखंडा होता. शिष्याने गुरूचे नाव असे चालवावे, ही गोष्ट आपल्या परंपरेलाही मानवणारी आहे. तर या ऑक्टेव्हला तुम्ही तेच मॅजिक(४)(२,३) लिहून द्या. ती काही न बोलता १० काढून हातावर ठेवते. लिपी तीच, व्याकरणही बहुतेक तेच. पण एक आजी कडक आणि दुसरी लाडावणारी.

मॅटलॅबला एवढा कडकपणा कशासाठी, हे समजायला तिच्या माहेरी जावे लागते. तिचे माहेर फोर्ट्रान. १९५७ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा लोकांच्या हाती दिली. त्या काळी प्रोग्राम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून लिहीत आणि भोके पाडणाऱ्या यंत्रावर मोजकीच चिन्हे असत. गोल कंस होता, चौकोनी नव्हता. म्हणून गिरणीत धान्य घालायलाही गोल कंस आणि ओळीतला आकडा दाखवायलाही गोल कंस, असे दोन धंदे एकाच चिन्हाच्या गळ्यात पडले. मग यंत्राने ओळखायचे कसे, की ही गिरणी आहे की डबा? त्या पहिल्या फोर्ट्रानने तोड काढली ती अशी: गिरणीच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर असलेच पाहिजे. आपल्याकडे आडनावाच्या शेवटी 'कर' दिसले की माणूस कुठल्या तरी गावचा असे आपण धरतो, तसलाच हा प्रकार.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक १९६४ साली आला. त्याच साली अमरावतीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेव्हापासून आपल्याकडे इंजिनियर आणि शास्त्रज्ञांच्या कितीतरी पिढ्या फोर्ट्रानवर वाढल्या, आणि एका कंसापुढे लगेच दुसरा कंस मांडून फंक्शनच्या ओळीतला आकडा उचलण्याची मुभा त्या भाषेने आजवर दिलेली नाही. पुढे १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक क्लीव्ह मोलर यांना वाटले, की आपल्या विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहितासुद्धा मोठमोठी समीकरणे सोडवता आली पाहिजेत. त्यासाठी त्यांनी मॅटलॅब रचली. आणि ती रचली फोर्ट्रानमध्येच! १९८४ साली तिच्यासाठी मॅथवर्क्स ही कंपनी निघाली. मुलगी सासरी गेली, श्रीमंत झाली, पण माहेरचा गोल कंस तिने सोडला नाही.

एकाच चिन्हाला दोन धंदे दिले की काय होते, याचा एक नमुना पाहा. मॅटलॅबमध्ये बेरीज करणाऱ्या गिरणीचे नाव 'सम' आहे. एखाद्याने आपल्या आकड्यांच्या ओळीलाही 'सम' हेच नाव दिले, तर त्यानंतर सम(३) म्हणजे तीनची बेरीज राहत नाही. तो त्या ओळीतला तिसरा आकडा होतो. गिरणी आणि डबा एकाच नावाचे झाले, की घरधनीणही गोंधळते. २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत मॅटलॅबने थोडी माया दाखवली आणि गिरणीच्या कंसापुढे ठिपका देऊन मालातला एखादा नावाचा भाग उचलायची परवानगी दिली. कंसापुढच्या कंसाला मात्र कुलूप तसेच ठेवले.

याउलट युरोप-अमेरिकेतल्या विद्वानांनी मिळून ठरवलेल्या १९६०च्या अल्गोल भाषेने हा संसार आधीच वेगळा थाटला होता. गिरणीला गोल कंस, डब्याला चौकोनी. हीच रीत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथनमध्ये आहे आणि २००६ साली सिद्ध झालेल्या नम्पाय या तिच्या आकडेमोडीच्या संचातही आहे. तिथे गोल कंसापुढे लगेच चौकोनी कंस लिहिला तर कोणी चापट मारत नाही. गोल दिसला की गिरणी, चौकोनी दिसला की डबा, गोंधळ संपला! मात्र तिथे आणखी एक मेख आहे. पायथन मोजायला शून्यापासून सुरुवात करते. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह एकापासून मोजतात. शहरातल्या इमारतीत तळमजल्यावर राहणारा माणूस आणि त्याच्या डोक्यावरचा 'पहिल्या मजल्या'वरचा माणूस यांच्या पत्रांची जी अदलाबदल होते, तिला कारण हेच.

आता पोत्याची गोष्ट. माझी भाची अकोल्याला शेतीचे संख्याशास्त्र शिकते. तिचे घर मूर्तिजापूरच्या बाजूला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. गेल्या भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो होतो. ओवाळणी झाली, रोडगे आणि वांग्याची भाजी झाली आणि ओसरीवर भाचीने लॅपटॉप उघडला. खताच्या वाढत्या पोत्यांनी कापसाचे उत्पन्न किती वाढते, हे सरळ रेषेने दाखवण्याचा तिचा सराव चालला होता. आकडे सरावापुरतेच घेतलेले होते: हेक्टरी ०, १, २, ३ पोती, आणि उत्पन्न ८, १०, १२, १४ क्विंटल. पाचवीतले पोरही सांगेल की पोत्यामागे दोन क्विंटल वाढ आहे आणि खत न घालताही आठ क्विंटल येतातच. खरी शेते इतकी सरळ वागत नाहीत. म्हणून तर हे काम यंत्राकडे द्यावे लागते. रेषा बसवणाऱ्या गिरणीचे नाव 'पॉलीफिट' आणि ती दोन आकड्यांची ओळ देते. आधी चढ, म्हणजे पोत्यामागची वाढ. मग मूळ उत्पन्न. इथे २ आणि ८.

भाचीजवळ वरच्या वर्गातल्या कुणाचा तरी ऑक्टेव्हमधला जुना प्रोग्राम होता. त्यात पॉलीफिटच्या कंसापुढेच दुसरा कंस करून (१) लिहिले होते, म्हणजे पहिला आकडा. भाचीने तो प्रोग्राम पायथनमध्ये उतरवताना गोल कंसाचा चौकोनी केला आणि आतला १ तसाच ठेवला. पायथनच्या मोजणीत १ म्हणजे दुसरा! यंत्राने निमूटपणे ८ काढून दिले. लाल अक्षरे नाहीत, तक्रार नाही. भाचीने ओसरीवरून वाचून दाखवले, "एका पोत्यामागे आठ क्विंटल वाढ."

तिचे आजोबा, म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे, तिथेच पान जमवत बसले होते. त्यांनी अडकित्ता थांबवला आणि म्हणाले, "काय म्हनतं व पोरी! एका पोत्यानं आठ क्विंटल कापूस वाढत असता तं मी मूर्तिजापुरात माडी नसती बांधली का?"

सगळे हसले. भाचीही हसली, पण लगेच गंभीर झाली. "मामा," ती म्हणाली, "आजोबा इथे बसले होते म्हणून कळलं. हेच शंभर गावांच्या आकड्यांवर चाललं असतं आणि उत्तर छापून गेलं असतं, तर?"

प्रश्न खरा होता. शहरात बसून छापलेला आकडा वाचणाऱ्याला २ काय आणि ८ काय, दोन्ही सारखेच खरे वाटतात. पण कर्ज काढून खत घेणाऱ्याच्या घरी त्या दोन आकड्यांमध्ये एक सबंध हंगाम असतो. आठाची आशा धरून पोती घ्यायची आणि दोनावर हिशेब बसवायचा, म्हणजे काय होते ते वऱ्हाडातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

मी तिला म्हटले, "बाई, पायथनला दोष देऊ नकोस आणि ऑक्टेव्हलाही देऊ नकोस. तू त्या आकड्याला नावच दिलं नव्हतंस, मग तो चुकीच्या घरी गेला तर ओळखणार कोण? आधी सबंध ओळ खाली ठेव. मग लिही: चढ आणि मूळ, दोन नावं. दोन्ही पडद्यावर छापून बघ. 'चढ ८, मूळ २' असं दिसलं असतं, तर आजोबांच्या आधी तुझ्याच डोळ्याला खुपलं असतं."

हा प्रकार पॉलीफिटमध्ये आणखीच जपायचा आहे, कारण नम्पायच्या घरात याच नावाच्या दोन गिरण्या नांदतात. जुनी गिरणी मोठ्या घातापासून लिहिते, म्हणजे आधी चढ आणि मग मूळ. बहुपदींसाठी पुढे केलेल्या निराळ्या विभागात जी नवी गिरणी आहे, ती नेमकी उलट, लहान घातापासून सुरू होते. आधी मूळ आणि मग चढ. भाचीने ती नवी गिरणी वापरली असती, तर तिच्या चुकीच्या १ ने उत्तर बरोबर आले असते आणि चूक कोणालाच कळली नसती! दोन चुका एकमेकींना झाकतात आणि माणूस निर्धास्त होतो. आकडेमोडीत याहून वाईट स्थिती नाही.

कंसापुढच्या कंसाची दुसरी खोड कष्टाची आहे. चढ हवा म्हणून एकदा गिरणीला हाक मारायची आणि त्याच ओळीतले मूळ हवे म्हणून पुन्हा पहिल्यापासून गिरणी फिरवायची, असे पुष्कळ जण लिहितात. चार आकड्यांना काही फरक पडत नाही. पण चाळीस लाख आकड्यांना तेच दळण दोनदा दळावे लागते. तशीच गोष्ट सर्वांत लहान आकडा काढण्याची. सबंध ओळ चढत्या क्रमाने लावायची आणि तिच्या तोंडाशी पहिला आकडा मागायचा, हे लिहायला सुटसुटीत दिसते. पण मूठभर रुई पाहण्यासाठी गाडीभर कापूस जिनात घालण्यासारखे ते झाले. लहान आकडा शोधणारी गिरणी निराळी असते, तिलाच विचारावे.

तिसरी खोड सर्वांत घातकी. काही गिरण्या दर वेळी निराळा माल देतात. समजा, पाहणीसाठी गावातल्या खातेदारांतून चिठ्ठी काढून एक शेतकरी निवडायचा आहे आणि 'चिठ्ठी' नावाची गिरणी त्याचे नाव आणि गट नंबर अशी दोन घरांची ओळ देते. एकाने लिहिले: चिठ्ठी()[०] म्हणजे नाव, आणि पुढच्या ओळीत चिठ्ठी()[१] म्हणजे गट नंबर. दिसायला किती नेटके! पण चिठ्ठी दोनदा काढली गेली. नाव आले एकाचे आणि शेत आले दुसऱ्याचे. सातबाऱ्यावर अशी गल्लत झाली तर दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद होते. प्रोग्राममध्ये ती रोज होऊ शकते आणि कोणी तलाठ्याकडे तक्रारही नेत नाही.

भाचीने मात्र मामाचे सगळे मुकाट्याने ऐकून घेतले असे समजू नका. नव्या पिढीची मुलगी ती! म्हणाली, "मामा, तुमचं ऐकून प्रत्येक गोष्टीला नाव देत बसले, तर प्रोग्रामात नावांचीच जत्रा भरेल. तात्पुरते एक, तात्पुरते दोन, नवीन तात्पुरते... त्यातलं कुठलं कशाचं, हे उद्या मलाच कळणार नाही."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. 'तात्पुरते दोन' हे नावच नव्हे. ते हॉस्पिटलातल्या खाटेचा नंबर झाले. शिवाय काही प्रश्न असे असतात, की तिथे मधल्या डब्याची खरोखर गरज नसते. या तक्त्यात ओळी किती, एवढेच विचारायचे असेल तर लांबी-रुंदी सांगणाऱ्या गिरणीच्या तोंडाशीच पहिला आकडा उचलला म्हणून आभाळ कोसळत नाही. वाचणाऱ्याला अर्थ लगेच कळतो, गिरणी एकदाच फिरते आणि उत्तर दुसऱ्यांदा लागत नाही. अशा ठिकाणी लाडावणारी आजीच बरी.

म्हणून आम्ही मामा-भाचीने मिळून एक साधा नियम ठरवला. तो वाचकांच्या घरात कोणी इंजिनियरिंगला किंवा शेतकी शिक्षणाला असेल त्याच्या कामी येईल. गिरणीतून आलेला माल एकदाच लागणार असेल आणि त्यातला कितवा आकडा कशाचा हे कोणाही वाचणाऱ्याला न विचारता कळणार असेल, तर कंसापुढे कंस खुशाल लिहावा. माल दोनदा लागणार असेल, किंवा कितवा आकडा कशाचा याबद्दल तिळमात्र शंका असेल, तर डबा खाली ठेवावा आणि त्याला नाव द्यावे. नाव वस्तूचे द्यावे, जागेचे देऊ नये. 'दुसरा' हे जागेचे नाव. 'पोत्यामागची वाढ' हे वस्तूचे नाव. आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत प्रोग्राम उतरवताना पहिल्याने प्रत्येक कंसातला आकडा तपासावा, मग बाकीचे.

शिकायचे साधनही आज महाग राहिलेले नाही. ऑक्टेव्ह आणि पायथन या दोन्हींना पैसे पडत नाहीत. पवईच्या आयआयटीने अशी मोकळी साधने कॉलेजांपर्यंत पोचवण्याचे काम 'फॉसी' या प्रकल्पातून चालवले आहे आणि 'स्पोकन ट्युटोरियल' या तिथल्याच दुसऱ्या उपक्रमात पायथनसारख्या विषयांचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. दर्यापूरच्या किंवा अकोटच्या मुलाला त्यासाठी मुंबईची वाट धरावी लागत नाही.

नाव देण्याचे हे शहाणपण काही परदेशातून आलेले नाही. आमच्या वऱ्हाडाच्या शेजारी, चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त न कळलेल्या संख्यांना नावे आहेत: पहिलीला यावत्तावत्, म्हणजे 'जितके तितके', आणि पुढच्यांना रंगांची नावे, कालक, नीलक, पीतक. ही रीत त्यांच्याही आधीची. संख्या किती हे अजून माहीत नाही, पण तिला काळी म्हणा, निळी म्हणा, पिवळी म्हणा. एकदा नाव दिले की ती हरवत नाही आणि दुसरीत मिसळत नाही. ज्यांनी अज्ञात संख्यांनाही बिननावाचे राहू दिले नाही, त्यांच्या मुलखात आपण हाती आलेली, पुरती ज्ञात असलेली संख्या बिननावाची फिरू द्यावी, हे बरे नव्हे.

आणि हे काही संगणकापुरतेच आहे असेही नाही. अकोल्याच्या कापूस बाजारात गाडी काट्यावर चढली की वजन आधी पट्टीवर लिहितात, मग भावाचे बोलणे. लक्ष्मीपूजनाला वही उघडली की रक्कम लिहिण्याआधी खात्याचे नाव लिहितात. नुसत्या तोंडी आकड्यावर केलेला व्यवहार लौकर होतो, हे खरे. पण तो निस्तरायला मात्र फार वेळ लागतो. या पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर आकडा टाकाल, तेव्हा त्याच्या डाव्या बाजूला तो कशाचा आहे, हे लिहायला विसरू नका.